तिसरी बशी

ब्रागाच्या प्रयोगशाळेत मी बशा ओतते.
यीस्टला तीस अंशांच्या कपाटात झोपवते,
तिसऱ्या दिवशी उठवते.
एवढंच काम, आणि पगारही एवढाच.

आमच्या एका यीस्टमधून
एक जनुक खुडून काढलंय, गट-एक नावाचं.
त्याचं विकर ग्लिसरॉलला फॉस्फेटचा टिळा लावायचं.
टिळा लागला की ते सरपण,
नाही लागला तर गोडसर पाणी नुसतं,
उंबऱ्यापाशी साचलेलं.
थंडीत फुटल्या ओठांना लावतो ना, तेच हे.

ग्लुकोजच्या बशीत ठेवा, काही कळणार नाही.
दाटतं, पसरतं, पावाचा वास सोडतं.
भरल्या ताटावर कुणाचं उणं दिसलंय?
ग्लिसरॉलच्या बशीत ठेवा :
पाचव्या दिवशीही लख्ख,
त्यात मी माझा चष्मा बघून घेते.

मार्चमध्ये इस्पितळातून पाकीट आलं.
दुआर्त, वय पावणेतीन.
तापात दोन दिवस घास घेतला नाही,
सकाळी हाका मारल्या तर उठेना.
साखर तळाला, लघवीत ग्लिसरॉलच ग्लिसरॉल,
आणि माणसाच्या त्याच जनुकात
एक अक्षर वेगळं.
ते गुन्हेगार, की वाटेत उभं होतं इतकंच?
पोराला उपाशी ठेवून बघता येत नाही.
यीस्टला येतं.

तीन बशा.
पहिलीत आमचं खुडलेलं यीस्ट, तसंच.
दुसरीत त्यालाच माणसाचं धड जनुक दिलेलं.
तिसरीत दुआर्तचं.

दुसरी भरली. दर वेळी भरते, दर वेळी मी थबकते :
शंभर कोटी वर्षांपूर्वी वेगळी झालेली घरं,
आणि या घरची किल्ली त्या कुलपाला अजून लागते.

झुल्मीरा, पोराची आई, पत्ता शोधत आली.
येऊ द्यायचं नसतं खरं तर.
सोबत वडील, बेल्मिरो, पोव्होआला जाळी विणणारे,
ते गाडीत बसून राहायला तयार नव्हते.
एकतीस वर्षं डॉक्टर त्यांना सांगत आले : रक्तात चरबी.
डुकराचं मांस सोडलं, लोणी सोडलं,
नाताळच्या बकाल्याववर ऑलिव्हचं तेल सोडलं,
आणि गोळ्या, रोज, न चुकता.
आकडा तसूभर हलला नाही.
बायको म्हणायची, चोरून खात असणार.

ती चाचणी चरबी मोजतच नव्हती, बेल्मिरो.
ती चरबी फोडून सुटलेलं ग्लिसरॉल मोजते,
आणि तुमच्या रक्तात ते आधीच तुंबलेलं.
चोर सोडून संन्याशाला फाशी,
तीही एकतीस वर्षं चालू.

“म्हणजे मी दिलं?” झुल्मीराने विचारलं.
तिच्याकडे दोन प्रती, त्यातली एक शाबूत,
म्हणून तिला कधी कळलंच नाही
की बापाचं टपाल पोराला पोचवणारी आपणच.
हे मी बोलले नाही. निदान सांगायचा मला अधिकार नाही.
मी खुर्ची सरकवली.

मग कपाट उघडलं. सहावा दिवस.
पहिली लख्ख.
तिसरी मी उजेडाकडे तिरकी धरली, सवयीने,
रिकामीच असणार म्हणून.
टाचणीच्या टोकाएवढे ठिपके. अकरा.
पुन्हा मोजले. अकराच.

बेल्मिरोंनी चष्मा कपाळावर चढवला,
गाठ तपासावी तशी बशी नाकाशी धरली.
“एवढ्याशावर,” ते म्हणाले,
“चौऱ्याहत्तर वर्षं ओढली मी?”
आणि हसले. मग हसायचे थांबले,
कारण झुल्मीरा हसत नव्हती.

आता तिच्या स्वयंपाकघरात
फ्रीजवर कागद आहे, इस्पितळाचा :
ताप आला की उपाशी झोपवू नका,
रात्रीतून उठवून गोड पाजा, घेईना तर थेट इकडे आणा.
खाली पेन्सिलीने, बापाच्या अक्षरात :
मलाही उठवा. मी येतो.

बशा नियमाने वाफेत उकळून टाकायच्या.
पहिली टाकली, दुसरी टाकली.
तिसरीला उद्या टाकीन,
असं गेले नऊ दिवस म्हणतेय.